खाजनाचा बांध आणि समुद्राची वीत

प्रश्न : पेडणे तालुक्यात नदीकाठी आमचे खाजन, म्हणजे भरतीचे पाणी बांधाने अडवून राखलेले शेत, आहे. बांधाला भगदाड पडल्यापासून भरतीचे खारे पाणी शेतात शिरते. बांधाकडे कोणी पाहत नाही म्हणून हे झाले, असे वडील म्हणतात; हवामानबदलामुळे समुद्र चढतो आहे, असे मुलगी म्हणते. खरे कोणाचे? आणि एवढ्याशा गोव्याने काही केले तरी जगाला काय फरक पडणार?
– एक शेतकरी

उत्तर : दोघांचेही खरे आहे, फक्त दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. भगदाड का पडले, हे बहुधा वडिलांनाच अधिक ठाऊक असेल. गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमीन-व्यवस्थेच्या, काळी बांधाची देखभाल ठरलेली असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती कूळ संघांकडे आली आणि अनेक ठिकाणी ढिली पडली. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी दारे कोळंबीच्या लोभाने वेळी-अवेळी उघडी ठेवली जातात, हेही आपण पाहतोच. पडीक खाजनात एकदा खारफुटी माजली की ती तोडायला कायदा आडवा येतो, आणि शेत कायमचे जाते.

मुलीचे म्हणणे पुढच्या काळाविषयी आहे. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात येते, त्यामुळे 1901 ते 2018 या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ वीतभर, वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत हा वेग वर्षाला 1.3 मिलिमीटर होता, 2006 नंतर तो 3.7 झाला. पूर्वजांनी उधाणाचा अंदाज घेऊन बांधाला जी जादा उंची दिली होती, तीच ही वीत गिळते आहे. त्यामुळे पूर्वी खपून गेलेली हयगय आता खपत नाही. शिवाय खाजनातले मीठ पहिल्या पावसाने धुऊन जावे लागते. पाऊस लांबला किंवा मध्येच दडी मारून बसला, तर खारटपणा सोसणाऱ्या कोरगुट भाताचाही निभाव लागणे कठीण होते.

दुसरा प्रश्न मला अधिक बोचला. गोव्याची वीज जवळजवळ सगळी बाहेरून येते आणि तिच्यातला मोठा वाटा छत्तीसगडातील कोरब्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांचा असतो. दिवा आपल्या ओसरीवर लागतो आणि धूर तिकडे निघतो, म्हणून आपला त्यात हात नाही असे वाटते, एवढेच. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत 3 किलोवॉटच्या छपरावरील संचाला केंद्राकडून 78 हजार रुपयांचे अनुदान मिळते; घरी कौले असली तर आधी वाशांची ताकद तपासून घ्यावी. एका छपराने समुद्र थांबणार नाही हे उघड आहे. सगळ्या जगाने आज धूर बंद केला तरी पाण्यात मुरलेल्या उष्णतेमुळे पातळी पुढच्या कित्येक पिढ्या चढतच राहील. किती चढेल, हे मात्र आताच्या धुरावर ठरते, आणि त्यावरच बांध राखणे परवडणार की नाही हेही ठरेल.

तेव्हा कूळ संघाची बैठक पावसाळ्यापूर्वी बोलवा. त्याआधीच्या अमावास्येला उधाणाच्या वेळी वडील आणि मुलगी दोघांनाही बांधावर न्या, पाणी माथ्यापासून किती बोटे खाली राहते ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीच्या अर्जाला तीच वही जोडावी.