दीड वर्षाची भाची बोट दाखवलं तरी तिकडे बघत नाही. हा ऑटिझम असू शकतो का?

नागपूरच्या महाराजबागेत मोर दाखवला तरी भाची तुमच्या हाताकडेच बघत राहिली, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही, पण ही गोष्ट सोडूनही देऊ नका.

साधारण ९ महिन्यांपासून बाळ आपल्या नजरेचा माग घेऊ लागतं आणि वर्षाच्या आसपास स्वतः बोट करतं. ते बोट कशासाठी, हे बारकाईने बघा. बिस्किटाच्या डब्याकडे बोट करणं किंवा आईचा हात धरून फ्रिजपर्यंत नेणं ही झाली मागणी. वर विमान दिसलं की बोट करायचं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघायचं, तिलाही दिसलं का म्हणून, हे वेगळं. ऑटिझममध्ये बहुतेकदा हे दुसरं कमी असतं किंवा उशिरा येतं. म्हणून मुलाला माया नाही असं कृपा करून समजू नका. काही मुलं डोळ्यांत न बघताही सगळं टिपत असतात.

आधी कान तपासून घ्या. मग नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे विकासाची तपासणी करा. एम-चॅट-आर ही ऑटिझमची शक्यता तपासणारी, पालकांनी उत्तरं द्यायची २० प्रश्नांची चाचणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. 'मुलं उशिरा बोलतात, थांबा' हा घरच्यांचा सल्ला मात्र ऐकू नका.

तोवर जमिनीवर तिच्यासमोर बसा. ती चाक फिरवत असेल तर तुम्हीही फिरवा, हनुवटी धरून तोंड वळवू नका.