गोल्डविंगला मागे कारचा टायर? आधी इन्शुरन्सवाल्यांकडून लेखी घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं समोर आलं. तुमची गोल्डविंग १८०० (होंडाची लांब प्रवासाची जड बाईक), मागचा टायर मधोमध सपाट झालेला, कडा अजून नव्यासारख्या, म्हणून १९५/५५ आर १६ (रुंदी मिमीमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) कारचा टायर टाकायचा विचार, आणि इन्शुरन्सवाला फोनवर म्हणाला की साइज बसत असेल तर लावा, काही प्रॉब्लेम नाही. बाकी सगळं नंतर बोलू, पण त्या फोनवरच्या शब्दावर टायर बसवू नका, कळकळीने सांगतोय.

टायर बसतो की नाही यात मी फार शिरत नाही, बसतो. मूळ बाईकच्या १८०/६० आर १६ टायरचा बाहेरचा व्यास हिशोबाने साधारण ६२२ मिमी येतो आणि १९५/५५ आर १६ चा ६२१, म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळतसुद्धा नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ७४ च्या जागी ८७, म्हणजे ३७५ किलोच्या जागी ५४५ किलो. हे बघून कोणालाही वाटणार की हा तर उलट जास्त दणकट आहे. आणि टिकण्याच्या बाबतीत ते खरंच आहे, माझा बाईकच्या टायरच्या दुपटीपेक्षा जास्त चालला आणि तरी खाचा शिल्लक होत्या. पण क्लेमच्या टेबलावर हे आकडे कोणी बघत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. टायर टाकायच्या आधी मीही फोन केला होता आणि मलाही तुमच्यासारखंच तोंडी "चालेल" मिळालं होतं. पुढे एकदा सिग्नलला उभा असताना मागून कारने ठोकलं. मी उभा, गाडी उभी, चूक कारवाल्याने जागेवर कबूल केली. पॅनिअर (बाजूचा सामानाचा डबा) फुटला, मागचं फेअरिंग (बाहेरचं कव्हर) गेलं, सायलेन्सर चेपला. त्याच्या इन्शुरन्स कंपनीकडून पैसे यायला वेळ लागणार म्हणून मी माझ्या पॉलिसीवर क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, सगळं बघून झालं, आणि मग तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि मोबाईल साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, जवळजवळ टेकवून एकेका अक्षराचे फोटो काढायला लागला. तेव्हाच पोटात गोळा आला होता.

मग पत्र आलं, वाहनावर उत्पादकाने न सुचवलेला टायर आढळला, खुलासा करावा. बाईक कंपनीच्या लोकांकडे गेलो तर ते म्हणाले मॅन्युअलमध्ये आहे तेवढाच साइज, इतर टायरबद्दल आम्ही काही लिहून देणार नाही. टायर कंपनी म्हणाली हा प्रवासी कारसाठी बनवलेला आहे, टू-व्हीलरसाठी पत्र मिळणार नाही. आणि इन्शुरन्स ऑफिस म्हणणार की या दोघांपैकी एकाचं पत्र आणा. उभ्या गाडीला मागून धडक बसली त्यात टायरचा काय संबंध, हा साधा प्रश्न मी किती जणांना विचारला असेन, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी फाइल पहिल्यापासून सांगायची, आणि शेवटी तेच की तुमचा मुद्दा वरिष्ठांकडे पाठवलाय. फोनवर "चालेल" म्हणणाऱ्याचं विचारलं तर असा कॉल रेकॉर्डवर दिसत नाही. गाडी वर्कशॉपला धूळ खात पडली, अख्खा फिरायचा सीझन गेला, आणि शेवटी जे पैसे आले त्यातून एवढी कपात झाली की तेवढ्यात बाईकचे टायर कितीतरी वेळा बदलून झाले असते. नियम असेल तर असू द्या, मी पाळेन. पण विचारलं तेव्हा कागद दिला नाही आणि अडल्यावर मात्र कागदच मागितला, याचा राग अजून जात नाही.

म्हणून ईमेल करा, आणि त्यात गोलमाल लिहू नका. गाडीचं मॉडेल, मूळ टायरचा साइज, नव्या टायरचा साइज आणि लोड इंडेक्स, आणि हे स्पष्ट की हा मोटरसायकलचा नसून प्रवासी कारचा टायर आहे. "टायरचा ब्रँड बदलतोय" असं मोघम लिहिलंत तर आलेलं उत्तर काही कामाचं नाही. विचारायचं एवढंच की गाडीचं स्वतःचं नुकसान, थर्ड पार्टी आणि मागे बसणारा, तिन्हीचं कव्हर तसंच राहतं का. उत्तरात पॉलिसी नंबर असला पाहिजे. नाही म्हणाले तर विषय संपला, मग टायर कितीही चांगला असो. आणि काही देशांत इन्शुरन्स सोडून गाडीतल्या बदलाची वेगळी मंजुरी लागते, ते तुमच्याकडचं तुम्हीच बघा. मी वकील नाही आणि टायर इंजिनिअरही नाही, माझ्यावर जे आलं ते सांगतोय.

आता तांत्रिक, कारण लेखी होकार आला तर तुम्ही लावणारच. दुकानात गाडी टाकून निघून जाऊ नका, समोर उभे राहा. दोन्हीकडे १६ लिहिलेलं असलं तरी बाईकच्या रिमवर बीड (टायरची रिममध्ये अडकणारी आतली कडा) बसायची जागा आणि कारच्या रिमवरची जागा सारखी घडवलेली नसते. त्यामुळे कारचा टायर कडेला बसायला अडतो आणि मशीनवरचा पोरगा हवा वाढवत जातो. बऱ्याच कार टायरवर स्पष्ट छापलेलं असतं की बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. ते गंमत म्हणून नाही छापलेलं, बीड फाटला तर हात जाऊ शकतो. अडला तर हवा पूर्ण सोडायची, बीडला परत लुब्रिकंट लावायचं, टायर थोडा फिरवून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि तरी नाही बसला तर तो टायर त्या रिमसाठी नाही, परत करा. बसला की रिमच्या कडेलगत टायरवर जी बारीक गोल रेघ असते ती अख्ख्या गोलात रिमपासून सारख्या अंतरावर आहे का, हे दोन्ही बाजूंनी बोटाने चाचपून बघा. एका जागी जरी ती रेघ आत गेलेली दिसली तरी गाडी बाहेर काढू नका. शिवाय टायर १५ मिमी जास्त रुंद आहे, स्विंगआर्मपाशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापाशी) बोट नीट जातंय का तेही बघा.

चालवताना काय होतं ते लोक कमी सांगतात. बाईकचा टायर गोल असतो, गाडी कलंडली की तो आपोआप त्या बाजूवर लोळत जातो. कारचा टायर सपाट, त्याला सरळच उभं राहायचं असतं, त्यामुळे वळण संपेपर्यंत हँडलवर दाब धरून ठेवावा लागतो आणि गाडी शोल्डरवर (टायरच्या कडेवर) आणि दबलेल्या साइडवॉलवर चालते. सरळ हायवेला मस्त, सामान आणि मागे माणूस असताना तर एकदम स्थिर. पण रस्त्याला चाकोऱ्या पडलेल्या असतील किंवा डांबराचा जोड लांबीला गेलेला असेल तर टायरची एक कड त्यावर चढते आणि गाडी खेचली जाते, पहिल्यांदा झालं की छातीत धस्स होतं. घाटातली वळणं आवडत असतील तर माझ्या मते लावूच नका. हलक्या बाईकला तर अजिबात नको, आणि पुढच्या चाकाला कधीच नाही, यावर मी वाद घालणार नाही.

मी स्वतः आता परत बाईकच्याच टायरवर आहे. रस्त्यावर कारच्या टायरने मला दगा दिला नव्हता, पण परत त्या ऑफिसच्या पायऱ्या चढायची माझी तयारी नाही.

जाता जाता, तुमचा टायर मधोमध लवकर सपाट होतोय तर गाडी थंड असताना हवा मोजता का? १८०० ला मागे ४१ पीएसआय सांगितलेली आहे आणि पंपावरचं मीटर बऱ्याचदा चुकीचं असतं, स्वतःचं गेज ठेवा. सामान भरून हायवेला सतत सरळ चालवलं तर मध्य झिजणारच, पण हवा कमी असेल तर टायर तापून आणखी लवकर जातो. आणि नवीन कुठलाही घ्या, साइडवॉलवरच्या डॉट कोडचे (DOT ने सुरू होणाऱ्या छापील नंबरचे) शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला माल लांब फिरणाऱ्याच्या गळ्यात बांधायला दुकानदाराला वेळ लागत नाही.