‘आवाज आढळला नाही’ या शेऱ्याखाली सही करण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की गाडी चौदा महिन्यांची आहे, गतिरोधकावरून सावकाश जाताना पुढच्या डाव्या बाजूने ‘टक्’ असा आवाज येतो, आणि वर्कशॉपमध्ये तीन वेळा नेऊनही ‘या मॉडेलला एवढा आवाज असतोच’ हे एकच उत्तर घेऊन आपण जुळे सोलापूरला परत आला आहात. ते वाचताना मला काही वर्षांपूर्वीची माझी गाडी आठवली. तिचाही आवाज डावीकडूनच येत असे आणि मीही ‘असतोच’ या शब्दावर विश्वास ठेवून घरी येत असे. मी वाहन अभियंता नाही आणि वकीलही नाही. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केलेला एक साधा वाहनमालक आहे. त्यामुळे पुढचे सारे अनुभव म्हणून वाचावे, आणि आपल्या वॉरंटी पुस्तिकेत काही वेगळे असेल तर पुस्तिकेतलेच ग्राह्य धरावे.

सर्व्हिस वेळेवर झाली आहे, बिले जपून ठेवली आहेत आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये सस्पेन्शन (चाकांना धक्के झेलत गाडीशी जोडणारी रचना) उघडलेले नाही, हे मी गृहीत धरतो. मला लिहायचे आहे ते जॉब कार्ड या एका कागदाविषयी, म्हणजे गाडी ताब्यात घेताना वर्कशॉप ज्यावर आपली तक्रार आणि करायचे काम नोंदवते त्याविषयी, कारण माझे जे काही नुकसान झाले ते त्या कागदाने केले, किंवा खरे सांगायचे तर त्यावरच्या माझ्या सहीने केले.

माझ्या गाडीची वॉरंटी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत होती. आवाज नवव्या महिन्यात सुरू झाला. तिथून वॉरंटी संपेपर्यंत मी एकाच डीलरच्या वर्कशॉपमध्ये चार वेळा गेलो (नाव लिहीत नाही, आणि कृपया कोणी अंदाजही बांधू नये). चारही वेळा सर्व्हिस ॲडव्हायझरला (तक्रार लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याला) आवाजाचे सविस्तर वर्णन ऐकवले, चारही वेळा त्याने समजल्यासारखी मान हलवली, आणि जॉब कार्डावर मात्र दोनदा ‘फ्री सर्व्हिस’ व दोनदा ‘जनरल चेकअप’ एवढेच छापून आले. ‘आवाज’ हा शब्द एकदाही नव्हता. मी ते वाचले नव्हते असे नाही. वाचले आणि विचारलेही. त्यावर तो म्हणाला, ‘साहेब, सिस्टिममध्ये तसा पर्याय येत नाही, मी मेकॅनिकला तोंडी सांगतो.’ मी सही केली. कर्जाच्या कागदांवर वाचल्याशिवाय सही करू नका, असे समोर बसलेल्या माणसांना नोकरीभर बजावणाऱ्या माणसाने वाचून, चूक दिसत असतानाही सही केली, याला काय म्हणावे ते आपणच ठरवा.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ अशा छापील ओळीखाली आणखी एक सही घेतली जाते, आणि दोन-तीन दिवसांनी कंपनीकडून अभिप्रायासाठी फोन येतो. तो फोन येण्याआधी ॲडव्हायझरचा फोन आला : ‘साहेब, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.’ मुलगा गरीब घरचा होता, बोलायला गोड होता, आणि आपल्यामुळे कोणाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून मी दहा दिले. आवाज तसाच चालू असताना दहा दिले, आणि एकदा नाही, तीन वेळा.

वॉरंटी संपून २३ दिवस झाले होते. त्या दिवशी नेहमीचा ॲडव्हायझर रजेवर होता, म्हणून एका वयस्कर मेकॅनिकने स्वतः गाडी लिफ्टवर घेतली, चाक हाताने हलवून पाहिले, टॉमी (लोखंडी पहार) लावून लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) दाबला आणि दहा मिनिटांत सांगितले, ‘लिंकला प्ले आहे आणि आर्मचा बुश फाटलाय, हे आजचं नाही.’ लिंक म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी, प्ले म्हणजे सैलपणा आणि बुश म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा. खर्चाचा अंदाज ११,४०० रुपये निघाला. त्या टायरची आतली कड झिजून गेली होती, तिचा खर्च निराळा. मी वर्कशॉप मॅनेजरकडे गेलो, तेव्हा त्याने आवाजही न चढवता संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. वॉरंटीच्या काळात आवाजाची तक्रार शून्य, चारही वेळा ग्राहक समाधानी, तीन अभिप्रायांत दहापैकी दहा. ‘आजचं नाही’ हे मेकॅनिकचे वाक्य मात्र कोणत्याही कागदावर नव्हते आणि दुसऱ्या दिवशी ते त्यालाही आठवत नव्हते.

त्यानंतर कंपनीच्या ग्राहक कक्षाशी दोन महिने जो पत्रव्यवहार झाला, त्याविषयी लिहायला बसलो तर संयम राहणार नाही. थोडक्यात, कक्ष म्हणे की तक्रार डीलरकडे पाठवली आहे. डीलर म्हणे की वरून मंजुरी आलेली नाही. आणि ही टोलवाटोलवी चालू असतानाच मोबाइलवर संदेश यायचा की ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे’. अशा तीन तक्रारी बंद झाल्या. शेवटी पैसे मीच भरले.

आता आपल्याविषयी. माझ्या मते ‘नॉर्मल आवाज’ या उत्तराशी वाद घालण्यात काहीही अर्थ नाही. वाद घातला की ॲडव्हायझर त्याच मॉडेलची दुसरी गाडी आणून दाखवतो आणि आपण गप्प होतो. त्याऐवजी त्याला सांगावे की तुमचे मत तुम्ही जरूर लिहा, पण आधी माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहा. ती अशी असावी : ‘सकाळी गाडी प्रथम सुरू केल्यावर, ताशी १० ते २० किलोमीटर वेगाने गतिरोधकावरून उतरताना पुढील डाव्या चाकाकडून टक् असा एकेरी आवाज, ब्रेक दाबला असता फरक नाही, अमुक किलोमीटरपासून.’ ‘पुढून आवाज येतो’ एवढेच लिहिले तर ‘तपासले, आढळला नाही’ एवढेच उत्तर येते, आणि तेवढ्याने कार्ड बंद होते. ‘सिस्टिममध्ये पर्याय नाही’ असे म्हटले तर कार्डाच्या छापील प्रतीवर पेनाने लिहून घ्यावे, खाली त्याची सही घ्यावी आणि तिथल्या तिथे फोटो काढून वर्कशॉपच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावा. आता काही ठिकाणी सहीऐवजी मोबाइलवर ओटीपी मागतात. तो सांगणे म्हणजे सहीच आहे, हे विसरू नये. गाडी चालवून पाहिल्याशिवाय समाधानाची सही करू नये, आणि अभिप्राय खरा द्यावा. हे कठोर वाटेल, पण त्या मुलाचा इन्सेंटिव्ह ही त्याच्या मालकाची जबाबदारी आहे, आपली नव्हे.

दुसरी गोष्ट सोलापूरच्या हवेची आहे, आणि ती वर्कशॉपमधले कोणी आपणहून सांगत नाही. रबरी बुश थंडीत कडक होतात आणि उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने किंवा चालून चालून मऊ पडतात. आपण सकाळी दहाला गाडी देता, ती उन्हात उभी राहते, दुपारी दोनला कोणीतरी ती महामार्गाच्या गुळगुळीत पट्ट्यावर साठच्या वेगाने फिरवून आणतो आणि ‘आढळला नाही’ असे लिहितो. तो खोटे बोलत नसतो. त्या वेळी त्या रस्त्यावर आवाज खरोखरच नसतो. म्हणून आदल्या संध्याकाळी गाडी वर्कशॉपमध्ये सोडावी, ‘रात्रभर उभी ठेवून सकाळी ग्राहकासमोर प्रथम सुरू करावी’ असे कार्डावर लिहून घ्यावे, आणि सकाळी मेकॅनिकला शेजारी बसवून आपण स्वतः चालवावी, रस्ताही आपण निवडावा. आवाज आला की तो त्याच्या तोंडून वदवून घ्यावा आणि उतरल्याबरोबर कार्डावर चढवावा.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या मेहुण्यांच्या गाडीला असाच प्रकार सुरू झाला, तेव्हा आम्ही जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासच्या थंडीत, नेमके असेच केले. पहिल्या भेटीत ‘आढळला नाही’ हा शेरा लेखी मिळाला, तो आम्ही आनंदाने घेतला, कारण त्यावर तारीख आणि किलोमीटर होते. दुसऱ्या भेटीत सकाळी आठ वाजता मेकॅनिकनेच तो आवाज ऐकला, आणि स्ट्रटचे (शॉक ॲब्झॉर्बरच्या खांबाचे) वरचे माउंटिंग वॉरंटीत बदलून मिळाले. आमच्या मागे कोणाची ओळख नव्हती आणि आम्ही आवाजही चढवला नव्हता.

जाण्यापूर्वी डिकी आणि दारांचे कप्पे पूर्ण रिकामे करावेत. हे मी हसत लिहीत असलो तरी तेव्हा हसू आले नव्हते : माझ्या दुसऱ्या भेटीत डिकीत शेंगा चटणीचा एक स्टीलचा डबा निघाला, आणि ‘ग्राहकाचे सामान वाजत होते’ असे सांगून तक्रार निकाली काढली गेली. जॅक आणि पाना त्यांच्या खाचेत घट्ट बसले आहेत का, तेही पाहावे.

आवाजाच्या प्रकारावरून थोडा अंदाज बांधता येतो, तोही केवळ आपले वर्णन अचूक व्हावे म्हणून सांगतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कट् असे होत असेल तर स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगकडे बोट जाते. वळताना ॲक्सिलरेटर दिल्यावर टकटक लागत असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटकडे. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर चाकाच्या बेअरिंगकडे. आणि खडखड ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबत असेल तर ब्रेक पॅडकडे. आपल्या वर्णनावरून मला लिंकचा संशय येतो. पण ‘लिंक बदला’ अशी तक्रार चुकूनही नोंदवू नये. लिंक बदलतील, आवाज राहील, आणि ‘ग्राहकाने सांगितलेले काम केले’ असे लिहून मोकळे होतील. आपण लक्षण सांगावे. निदान त्यांना करू द्यावे.

तिथे दोन लेखी नकार मिळाले, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जावे. वॉरंटी उत्पादकाची असते आणि माझ्या पुस्तिकेत कोणत्याही अधिकृत केंद्रात ती मिळेल असे स्वच्छ लिहिले होते. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याकडेच गेले पाहिजे, ही समजूत मी उगाचच दोन वर्षे बाळगली. बुश, रबर अशा झिजणाऱ्या भागांना आपली पुस्तिका वगळते का, किंवा त्यांच्यासाठी कमी मुदत देते का, ते मात्र आधी पाहावे.

त्यानंतरचा मार्ग ग्राहक कायद्याचा आहे आणि इथे माझा अधिकार आणखी कमी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ती निवाडा देत नाही, पण कंपनीकडे तक्रार पोहोचवते. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी सोलापुरातच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि गाडीसाठी मोजलेली किंमत पाच लाखांच्या वर व दहा लाखांपर्यंत असेल तर शुल्क २०० रुपये आहे. मी तिकडे गेलो नाही. परिचयातल्या एका वकिलांनी माझी चार जॉब कार्डे पाहून एवढेच विचारले होते की, समाधानी असल्याचे सात वेळा कळवणाऱ्या ग्राहकाची बाजू त्यांनी कोणत्या तोंडाने मांडावी.

आपल्या वॉरंटीची मुदत आपण लिहिलेली नाही. माझ्यासारखीच दोन वर्षांची असेल तर दहा महिने हातात आहेत. मागच्या तीन भेटींची कार्डे आज काढून पाहावीत आणि त्यांत तक्रारीच्या रकान्यात नेमका कोणता शब्द छापला आहे, तो इथे जसाच्या तसा लिहावा. ‘आवाज’ हा शब्द एकदा जरी असेल तर वर्कशॉप मॅनेजरला द्यायच्या पत्राचा मजकूर मी लिहून देतो. नसेल, तर चौथ्या भेटीपासून नव्याने सुरुवात करावी लागेल आणि ती थंडी संपण्यापूर्वी झालेली बरी.