‘मला चढतच नाही’

“मॅडम, मोबाईलनं याचं डोकं गेलंय. वाचलेलं राहतच नाही.” तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आणि बारावीला दोन विषय राहिलेला त्यांचा मुलगा माझ्यासमोर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडील बाहेर गेल्यावर मुलगा बोलला. पहिली बिअर आठवीच्या सुट्टीत, चुलतभावाच्या हळदीला. अकरावीपासून दर शनिवारी चार-पाच बाटल्या. “पण मला चढतच नाही. बाकीची पोरं आडवी होतात, मी गाडीवरून त्यांना घरी सोडतो.” मग जरा खालच्या आवाजात, “मागच्या वरातीतून घरी कसा आलो ते मात्र आठवत नाही. असं चार-पाचदा झालंय.”

‘चढत नाही’ हे मुलं कौतुकानं सांगतात आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. झोप येणं, तोल जाणं हे शरीराचे ब्रेक असतात. किशोरवयीन प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की या वयात हे ब्रेक उशिरा लागतात, पण स्मरणावर मात्र दारूचा घाव जास्त बसतो. म्हणजे पोरगं उभं राहतं, पीत राहतं, आणि आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस काम थांबवतो. वरातीत तो नाचत होता, बोलतही होता. फक्त त्याची नोंद कुठेच झाली नाही.

त्याच्या संमतीनं वडिलांना आत बोलावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला वाटायचं, बाहेर चोरून पिण्यापेक्षा माझ्यादेखत एखादा ग्लास घेतलेला बरा.” हे मी कितीतरी घरांतून ऐकते. ऑस्ट्रेलियात सहा वर्षं मुलांचा मागोवा घेतला गेला. आईवडिलांनी हातानं दिल्यामुळे मुलं पुढच्या त्रासापासून वाचतात, असं त्यात दिसलं नाही.

“आता कायमचं नुकसान झालं का?”

मी त्यांना त्यांच्याच बागेची गोष्ट विचारली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर हयगय झाली तर काय होतं? “काडी नीट तयार होत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात,” ते लगेच म्हणाले. मेंदूतही या वयात नको असलेल्या जोडण्यांची छाटणी चालू असते आणि उरलेल्यांवर आवरण चढत असतं. विचार करून थांबायला शिकवणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीपर्यंत तयार होतो. खूप पिणाऱ्या किशोरांच्या एमआरआयमध्ये ही वाढ बिघडलेली दिसली आहे. अमेरिकेतल्या 1997 च्या एका विश्लेषणात पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक पुढे कधीतरी दारूवर अवलंबून झाले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होतं. अर्थात यात सगळा दोष त्या पहिल्या ग्लासाचा नाही; घर आणि अनुवंशही असतात.

पण त्याचं वय अठरा होतं, काडी अजून तयार होत होती. पिणं थांबलं की लक्ष आणि स्मरण बरंचसं सुधारू शकतं. सगळं परत येईल असं वचन मी दिलं नाही.

तो रोज पीत नव्हता, हात थरथरत नव्हते, तरीही आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रोज पिणाऱ्यानं मनानं एकदम बंद करणं धोक्याचं असतं. मग साध्या गोष्टी सुरू झाल्या: रात्री वेळेवर झोप, वीस-वीस मिनिटांचा अभ्यास, सगळं वहीत लिहिणं. कपाटातली बाटली वडिलांनी स्वतःहून काढली. मधे दोनदा तो घसरला. दोन्ही वेळा त्यानं स्वतः फोन केला, हे मला मोठं वाटतं. (रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.)

पुरवणी परीक्षेत एक विषय सुटला, रसायनशास्त्र राहिलं. पाठांतर अजून जड जातं. पण मे महिन्यात आतेभावाच्या वरातीतून तो अकराला घरी आला आणि कोण नाचलं, कोण रुसलं, कुठलं गाणं कशानंतर लागलं, हे आईला ओट्याशी उभं राहून तासभर सांगत होता.