'सांस्कृतिक ओळख' आणि 'स्मृती' आजच्या चित्रांत नेमकी कुठे दिसते?

तुमचा प्रश्न आवडला: प्रदर्शनांच्या पत्रकांत 'ओळख' आणि 'स्मृती' हे शब्द सारखे भेटतात, पण भिंतीवरच्या चित्रात ते कुठे असतात? मी चित्रकार नाही. ठाण्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी गॅलऱ्यांत रेंगाळतो, एवढीच माझी पात्रता.

माझ्यापुरतं उत्तर चित्रकार सुधीर पटवर्धनांपासून सुरू होतं. जन्म १९४९चा, पुण्याचा. डॉक्टर झाले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. म्हणजे दिवसा लोकांचे एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात तशाच लोकांना कॅनव्हासवर उभं करायचं. नऊवारी, तुळशीवृंदावन, वाडा असलं 'संस्कृती' म्हणून पटकन ओळखू येणारं सामान त्यांच्याकडे शोधू नका. तिथे इराण्याचं हॉटेल आहे, लोकल आहे, नाला आहे, चढत चाललेल्या इमारती आहेत. आणि माणसं, थकलेली, जाडजूड, कुणी आपल्याला बघतंय याची फिकीर नसलेली. माझ्या मते ओळख म्हणतात ती हीच. आपण कोण आहोत हे सणाच्या फोटोपेक्षा संध्याकाळी सहा-बावीसच्या गाडीत जास्त कळतं.

त्यांचं 'लोअर परळ' (२००१) हे मुंबईच्या गिरणगावातलं चित्र मी एका पुस्तकात माझ्या मामांना दाखवलं होतं. मामा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा जे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले त्यांच्यातले एक. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे तो संपला कधी हे मामांना आजही नीट सांगता येत नाही. चित्र त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सगळं आहे रे, भोंगा तेवढा नाही." समीक्षकांचे पानभर लेख मी वाचलेत, पण त्या चित्राबद्दल एवढं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

पण आठवण म्हटलं की आपण लगेच हळवे होतो, आणि इथे मला चित्रकार सवी सावरकर पुढे करावेसे वाटतात. (आडनावावरून गैरसमज नको. हे नागपूरचे, १९६१चा जन्म, दलित जाणिवेतून काम करणारे.) त्यांच्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत अस्पृश्य माणूस येतो तो थुंकीसाठी गळ्यात मडकं आणि पावलं पुसायला पाठीशी झाडू घेऊन. पेशवाईतल्या पुण्याची हीसुद्धा आठवणच आहे, फक्त दिवाणखान्यात लावायला सोयीची नाही. देवदासींवरची त्यांची चित्रंही अशीच, नजर चुकवू न देणारी. आपल्याकडे त्यांच्याबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटकोपरचे अतुल डोडियाही बघा. त्यांनी दुकानांची लोखंडी शटरं रंगवली. एकावर कॅलेंडरवरची महालक्ष्मी आहे, आणि शटर वर गेलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. रोज सकाळी दुकान उघडताना होतो तो आवाज त्यानंतर मला काही दिवस नकोसा झाला होता.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर मुंबईत असाल तेव्हा काळा घोड्याला जा. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही, एनजीएमए म्हणजे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय जवळच आहे. पत्रक मात्र बाहेर पडताना घ्या. आधी वाचलंत तर चित्र सोडून 'स्मृती' शोधत बसाल.