'समायोजन' नको, 'आयातबाधित' घ्या

प्रश्न असा आहे : परदेशी मालापुढे टिकाव न लागल्याने ज्यांची नोकरी गेली, अशा कामगारांसाठी अमेरिकेत 'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स' नावाची सरकारी योजना होती. एका अनुवादात तिला 'व्यापार समायोजन साहाय्य' आणि त्या कामगारांना 'विस्थापित कामगार' म्हटले आहे. हे शब्द चालतील का?

'साहाय्य' शुद्ध लिहिल्याबद्दल अनुवादकाला आधी शाबासकी. हल्ली 'सहाय्य'च फार दिसते. बाकीचे दोन शब्द मात्र मी बदलेन.

कोशात पाहिले तर 'समायोजन'मध्ये काही चूक नाही. अडचण शाळेत आहे. महाराष्ट्रात समायोजन म्हटले की अतिरिक्त शिक्षक आठवतात. पट घसरला, संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षकपदे द्यायची, याच्या सरकारी मंजुरीत) पद उडाले, की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि खाते त्याला दुसऱ्या शाळेत पाठवते. 'माझं समायोजन झालं' म्हणजे 'शाळा मिळाली, पगार चालू राहिला'. मग ती शाळा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला का असेना. अमेरिकी योजनेत सरकार कुणाला नोकरी लावून देत नव्हते. बेरोजगारी विम्याचे पैसे संपले की पुढे काही काळ भत्ता मिळे, तोही सहसा प्रशिक्षण घेत असाल तर. प्रशिक्षणाचा खर्च मिळे. परगावी काम शोधायला जाण्याचा आणि बिऱ्हाड हलवण्याचा खर्चही काही प्रमाणात मिळे. पन्नाशी गाठलेल्याने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम मिळे. शेवटच्या वर्षांत तिची कमाल मर्यादा दोन वर्षांत मिळून १०,००० डॉलर होती. जुळवून घ्यायचे ते कामगारानेच. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर टेकणारा चौथा 'जरा ॲडजस्ट करा' म्हणतो, त्याच्या तोंडचा अर्थ इथे 'समायोजन'पेक्षा जवळचा आहे.

'विस्थापित'ची अडचण वेगळी. मराठीत विस्थापित तो, ज्याचे घरदार, जमीन सुटली. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या यंग्सटाउनमधला मोठा पोलाद कारखाना बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि हजारो जणांचे काम गेले. पण त्या दिवशी कुणाचे घर गेले नाही. तिथे 'विस्थापित' लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे ट्रकवर लादलेले सामान येते.

शिवाय त्या योजनेच्या कायद्यातली संज्ञा 'विस्थापित' नाहीच. तिचा शब्दशः अर्थ 'प्रतिकूल परिणाम झालेला कामगार' असा आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे 'बाधित' आयता आहे. 'आयातग्रस्त'ही सुचेल. पण '-ग्रस्त' जबर आहे. खग्रास ग्रहणातला ग्रास आणि हा 'ग्रस्त' एकाच धातूचे. त्यात गिळले जाणे आहे. दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त असे शब्द सभेत, मोर्चात शोभतात. 'बाधित' ही पंचनाम्याची भाषा : अतिवृष्टिबाधित शेतकरी, बाधित क्षेत्र. कुणाला किती फटका बसला ते तपासायचे, मग मदत द्यायची, असा त्याचा सूर. योजनेचा कारभारही तसाच चाले. कामगारांचा गट, त्यांची संघटना किंवा मालकही अमेरिकेच्या कामगार खात्याकडे अर्ज करी. खाते चौकशी करून तो गट आयातीमुळे बाधित असल्याचा निर्वाळा देई, आणि त्यानंतर त्या गटातला एकेक कामगार लाभ मागू शके. या निर्वाळ्याला अनुवादात कृपया 'प्रमाणीकरण' म्हणू नका, ते ओटीपीसाठी राहू द्या. आपल्याकडे प्रकल्पग्रस्ताला 'दाखला' मिळतो आणि त्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण मागता येते. तसाच हाही दाखला.

दाखला मिळणे मात्र सोपे नव्हते. केनेडींच्या काळात १९६२च्या कायद्याने योजना आली, पण अटी इतक्या आवळलेल्या की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४च्या कायद्याने त्या सैल केल्या. कामगार संघटनांच्या गोटात या मदतीला हिणवून जे म्हणत, त्याचे मराठी मी 'मर्तिकाचा विमा' असे करेन. 'अंत्यसंस्कार विमा' लिहिलेत तर त्यातला कडवटपणा जाईल.

आता एक रास्त हरकत. काम आयातीमुळे न जाता, कंपनीनेच ते परदेशी हलवले तर? पुढे योजनेत तीही प्रकरणे आली, आणि त्यातली काही आपल्या दाराशी येतात. २००० नंतर अमेरिकेतल्या ज्या सॉफ्टवेअर कामगारांच्या नोकऱ्या परदेशी गेल्या, काहींच्या तर थेट भारतात, त्यांनी अर्ज केले. खात्याने ते फेटाळले. कायद्यात 'वस्तू' बनवणारे कामगार म्हटले होते आणि खात्याच्या मते सीडीवर वगैरे न चढवलेले सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हती. वाद न्यूयॉर्कमधल्या, अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेला. न्यायालयाने प्रकरणे परत पाठवली आणि २००६ मध्ये खात्याने अमूर्त वस्तूही वस्तूच, हे मान्य केले. सेवाक्षेत्रातले कामगार थेट कायद्यात आले ते २००९ साली. हिंजवडीत कुणाच्या टेबलावर नवे काम येत होते, तेव्हा तिकडे कुणीतरी 'वस्तू' या शब्दावर भांडत होते.

मग 'व्यापारबाधित' म्हणावे का? अर्थ पूर्ण येतो, पण मराठी कानाला तो धंदा बसलेला दुकानदार वाटतो. मी 'आयातबाधित कामगार साहाय्य योजना' असे लिहीन आणि काम परदेशी हलवल्याची प्रकरणेही त्यात येतात, हे पहिल्या उल्लेखात एका वाक्यात सांगेन. 'साहाय्य'च्या जागी 'पुनर्वसन' हवे असेल तर आपल्याकडे त्याचा आधार आहे. १९८६ साली केंद्राने बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी योजना आणली, तिच्या नावातच पुनर्वसन होते. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के अशी मदत होती. नोकरीची हमी तिच्यातही नव्हती.

आणि क्रियापदे भूतकाळात ठेवा. मुदतवाढ न मिळाल्याने १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांवर निर्णय देणे बंद झाले. आधीच दाखला मिळालेल्या पात्र कामगारांचे लाभ तेवढे पुढे चालू राहिले, म्हणून त्यांच्यापुरते 'मिळत राहिले' असे लिहावे.