ऑर्थोडॉक्स स्टान्स असताना लोमाचेन्कोसारखं फुटवर्क कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की बॉक्सिंग क्लबमध्ये जाऊन दोनेक वर्षं झाली, पुढे-मागे सरकणं जमतं, पण युक्रेनच्या बॉक्सर लोमाचेन्कोचे व्हिडिओ बघून समोरच्याच्या बाजूला जायला गेलं की स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, नेमका उजव्या हाताचा ठोसा बसतो. तो बसणारच. लोमाचेन्को साउथपॉ आहे, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवून उभा राहतो; तुम्ही ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पुढे.

त्याचा उजवा पाय पुढे, समोरच्या ऑर्थोडॉक्सचा डावा. म्हणजे दोघांचे पुढचे पाय समोरासमोर. जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, तो समोरच्याचा गार्ड (बचावाला वर धरलेले हात) गुंतवून ठेवतो, पुढचा पाय त्याच्या पायाबाहेर टाकतो, त्याच चवड्यावर फिरतो आणि मागचा पाय उजवीकडे घुमवून घेतो. झालं, तो समोरच्याच्या डाव्या खांद्यापलीकडे, जिथे उजवा हात पोचत नाही. तुम्ही हेच आरशातल्यासारखं उलटं करून डावा पाय डावीकडे टाकता, तेव्हा समोरच्या ऑर्थोडॉक्सच्या उजव्या हातापुढे स्वतःहून जाऊन उभे राहता.

तुमच्यासाठी बाहेरची बाजू म्हणजे उजवी. त्याचा जॅब आला की डोकं उजवीकडे काढा, आधी उजवा पाय सरकवा, मग डावा, आणि लगेच त्याच्याकडे वळा. ज्या दिशेला जायचं तो पाय आधी, हे पहिल्या महिन्यात शिकवतात आणि दमल्यावर सगळे विसरतात.

डावीकडे जायचंच असेल तर समोरचा अंगावर धावून येत असताना जा, आणि हुक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, मारत जा. याला चेक हुक म्हणतात. डिसेंबर 2007 मध्ये लास व्हेगासला बॉक्सर मेवेदरने दहाव्या राउंडमध्ये प्रतिस्पर्धी रिकी हॅटनला असाच मारला. हॅटन झेपावला, मेवेदर डावा हुक मारून बाजूला फिरला आणि हॅटनचं डोकं थेट कोपऱ्यातल्या पॅडवर आदळलं. ती क्लिप सावकाश लावा आणि हाताकडे नाही, पायांकडे बघा.

सराव करताना वजन डाव्या चवड्यावर, टाच जमिनीपासून जेमतेम सुटलेली. हुकबरोबर टाच बाहेर वळते आणि उजवा पाय मागून डावीकडे चाप काढत येतो. पंचेचाळीस अंश पुष्कळ झाले. घरी लोक हौसेने पूर्ण काटकोनात फिरतात आणि तोल घालवतात. पाय टेकला की थिजून उभे राहा आणि तिथूनच क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारून बघा. मारण्याआधी पाय सावरावे लागले, तर तो पिव्हट, म्हणजे चवड्यावर घेतलेलं वळण, फुकट गेला. माझ्या मते साधं आणि ॲडव्हान्स्ड फुटवर्क यांत फरक एवढाच: पाऊल संपतं तेव्हा हात मारायला तयार असतो की नाही. नवनव्या स्टेप्स गोळा करून काही होत नाही.

जागेचंही बघा. रनिंग शूज घालून खरबरीत काँक्रीटवर पिव्हट करू नका. सोल जमिनीला धरून बसतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. बॉक्सिंग शूज नसतील तर पातळ, सपाट सोलचे बूट चालतील. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुळगुळीत फरशी असेल तर खडूने वीस फुटी चौकोन आखा, मोठ्या स्पर्धांची रिंग दोरांच्या आत साधारण तेवढीच असते. मोकळ्या हॉलमध्ये मागे सरकत राहणं सोपं असतं. चौकोनात पाठ रेषेला लागायच्या आत वळावं लागतं, आणि पिव्हट कशासाठी असतो ते तिथे कळतं. फोन जमिनीलगत ठेवून शूट करा. आरशात माणूस स्वतःचे खांदे बघत बसतो.

आत-बाहेर, म्हणजे समोरच्याच्या टप्प्यात जाऊन लगेच मागे यायचं, असं करायचं असेल तर लोमाचेन्को सोडा, बॉक्सर बिवोल बघा. मे 2022 मध्ये त्याने कानेलोला हरवलं ती लढत. दोन्ही पाय एकदम, चार बोटं पुढे, चार बोटं मागे, स्टान्सची रुंदी तीच. दिसायला काहीच नाही, पण तीन मिनिटांत पोटऱ्या बोंबलतात. दोरीवरच्या उड्या याच्यासाठी, फुटवर्क शिकण्यासाठी नाही.

आणि हो, लोमाचेन्कोला वडिलांनी लहानपणी बॉक्सिंग थांबवून युक्रेनियन लोकनृत्याच्या वर्गाला घातलं होतं, हे तुम्ही ऐकलं असेलच. म्हणून आता नाचाचा क्लास लावायची गरज नाही. सरांना सांगून स्पारिंगचे काही राउंड असे घ्या की समोरचा पूर्ण मारेल आणि तुम्ही फक्त जॅब. मागचा हात बंद असला की पाय हलवण्यावाचून इलाजच उरत नाही.